सुभद्राबाईंनी केकला दूध पाजलं

सुभद्राबाई मूळच्या भालकी तालुक्यातल्या मेहकरच्या. त्र्याण्णव साली त्यांचे यजमान गुंडेराव यांना हुमनाबादला, पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका कारखान्यात काम मिळालं, तेव्हा पाच वर्षांच्या लेकीला, प्रियंकाला, कडेवर घेऊन आणि एक ट्रंक, एक पाटा-वरवंटा एवढाच संसार घेऊन त्या बसमधून उतरल्या. हैदराबादकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या लॉऱ्यांचा आवाज ऐकून पहिले आठ दिवस त्यांना झोप लागली नाही. नवव्या दिवसापासून जी लागली, ती मग कितीही हॉर्न वाजले तरी मोडली नाही.

घरी बसून राहण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. गावात एक लग्नाचा आचारी होता, त्याच्या हाताखाली त्या कांदे चिरायला जाऊ लागल्या. कांद्यांवरून पुऱ्यांवर आल्या, पुऱ्यांवरून चुलीपाशी. चारशे माणसांच्या भाताला आधण किती ठेवायचं हे त्यांना भांड्याकडे नुसतं बघून कळायचं. आचारी म्हातारा झाला, त्यानं धंदा सोडला, आणि त्याच सुमाराला, म्हणजे दोन हजार दोनच्या जून महिन्यात, सरकारी शाळांतून दुपारचं जेवण सुरू झालं. बसस्टँडच्या मागच्या बाजूच्या मराठी शाळेत श्रीपतराव नावाचे मुख्य गुरुजी होते. त्यांना शंभर मुलांचा स्वयंपाक न घाबरता करू शकेल अशी बाई हवी होती. त्यांनी चौकशी केली आणि सरळ सुभद्राबाईंच्या दारात येऊन उभे राहिले.

पहिल्या दिवशी सुभद्राबाईंनी नव्वद मुलांचा भात आणि सार केलं. पंगतीला बसली चाळीस. बाकीची मुलं घरून डबा घेऊन आली होती, किंवा जेवायला घरी निघून गेली. कारण कुणी तोंडानं बोललं नाही. सुभद्राबाई बौद्ध घरातल्या, हे गल्लीला ठाऊक होतं, आणि घराघरांतून मुलांना काय सांगितलं गेलं असेल हे सुभद्राबाईंना ठाऊक होतं. उरलेल्या भाताच्या पातेल्याकडे बघत त्या उभ्या राहिल्या तेव्हा श्रीपतराव गुरुजी आले, मुलांच्या ओळीत खाली मांडी घालून बसले आणि ताट पुढं केलं. दोनदा भात मागून घेतला. उठताना म्हणाले, "बाई, साराला मीठ जरा कमी पडलंय. उद्या बघा."

त्या दिवशी कुणी कौतुक केलं असतं तर सुभद्राबाईंना ते दयेसारखं वाटलं असतं. मिठाची तक्रार ऐकून मात्र त्यांना बरं वाटलं. कोणत्याही आचाऱ्याला जसं सांगतात तसं गुरुजींनी त्यांना सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मीठ बेतात घातलं.

दिवस गेले तशी पंगत लांब होत गेली. मुलांना शेजारच्या ताटातून येणारा वास सोसत नाही. शुक्रवारचा गोड भात तर अर्ध्या गल्लीला ओढून आणायचा. तीन वर्षांनी सगळी मुलं पंगतीत होती, फक्त एक मुलगी सोडून. तिचं नाव श्रीदेवी. शाळेला लागूनच तिचं घर, घरात तिची आजी चन्नव्वा हिचा शब्द चालायचा, आणि चन्नव्वाचं सांगणं असं की आपल्या घरचं लेकरू बाहेरच्या हातचं खाणार नाही. श्रीदेवी रोज कडुनिंबाच्या पारावर एकटी बसून स्टीलच्या डब्यातली भाकरी आणि शेंगाची चटणी खायची. सुभद्राबाईंनी तिला कधी पंगतीत ओढलं नाही. तांदूळ मापताना मात्र रोज एक मूठ तिच्या नावानं धरायच्या. ती मूठ टाळणं त्यांना जमलंच नाही.

अशी सात वर्षं गेली. प्रियंका बारावी होऊन पुण्याला गेली आणि एका मोठ्या दुकानात, जिथं साबणापासून सायकलीपर्यंत सगळं एका छताखाली मिळतं, तिथं बिल करायला बसू लागली. दोन हजार नऊच्या मार्चमध्ये तिचा फोन आला, की पुण्याहून हैदराबादला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडं एक खोकं दिलंय, सकाळी ढाब्यापाशी जाऊन घ्या. गुंडेराव सायकलीवरून खोकं घेऊन आले. आत सहा रंगीत पुडे होते. प्रत्येकावर पिवळ्याधमक केकचं चित्र, वर साय घातलेली, आणि बाजूला एक हसरी बाई.

सुभद्राबाईंनी एक पुडा फोडला, आतली पिशवी कापली, बोटानं चिमूटभर घेऊन जिभेवर ठेवली आणि पोरीला फोन लावला. म्हणाल्या, "हे तर पीठच हाय की. गोड पीठ. पीठ पाठवायला पुण्याची बस कामून पायजे?"

प्रियंका हसून हसून दमली. मग तिनं समजावून सांगितलं, की दुकानानं कामगारांना हे पुडे वाटलेत, तारीख मेपर्यंतची आहे. दूध घालायचं, तेल घालायचं, घोटायचं आणि भाजायचं, की केक तयार. अंडं लागत नाही. एक करून बघ, आवडला तर बाकीचे कर, नाहीतर शेजारी वाटून टाक.

सुभद्राबाईंनी पुडे फळीवर ओळीनं लावून ठेवले. दोन दिवस येता-जाता त्यांच्याकडं बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी शाळेत तांदूळ निवडताना त्यांच्या ध्यानात आलं, की यंदा सातवीतून जी मुलं बाहेर पडणार, ती दोन हजार दोनच्या जूनमध्ये पहिलीत आली होती. पहिलीपासून सातवीपर्यंत दुपारचं त्यांच्याच हातचं खाऊन मोठी झालेली ही पहिली तुकडी. सव्वीस मुलं, त्यांतली एक श्रीदेवी तेवढी घरच्या डब्यावर वाढलेली. तेव्हा ताट धरता येत नव्हतं, आता पोरांना मिसरूड फुटायला लागलं होतं.

त्या उठून गुरुजींच्या खोलीत गेल्या. निरोप समारंभाला दरवर्षीप्रमाणं चिवडा आणि एकेक गुलाबजाम ठरला होता. सुभद्राबाई म्हणाल्या की गुलाबजाम राहू द्या, गोडाचं मी बघते, केक करते. गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, की याआधी कधी केला आहे का.

"न्हाई," सुभद्राबाई म्हणाल्या, "पर कसा करायचा ते पुड्यावर लिवलंय."

लिहिलं होतं ते हिंदीत. सुभद्राबाई साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकल्या होत्या आणि सावकाश का होईना, वाचायच्या. 'मिश्रण को फेंटें' इथपर्यंत त्या आल्या आणि अडल्या. गुंडेराव म्हणाले, फेटा बांधायला सांगितलंय, बांध. मग प्रियंकाला पुन्हा फोन. फेंटें म्हणजे घोटायचं, हे कळलं. पण पुढच्याच ओळीत गरम ओव्हन आला, आणि ओव्हन काही शब्दकोड्यासारखा फोनवरून सुटणार नव्हता. हुमनाबादेत त्यांच्या ओळखीत एकच भट्टी होती, खाजामियाँची.

खाजामियाँची बेकरी जुन्या भाजीबाजारात. पाव, खारी, टोस्ट असा माल. दिवाळीला आणि रमजानला अर्धं गाव नानखटाईचं पीठ ट्रेमध्ये थापून त्यांच्या भट्टीवर आणायचं आणि खाजामियाँ ते भाजून द्यायचे. साठी उलटलेला माणूस, अंगात पिठानं पांढरी झालेली बनियन, आणि चेहरा असा की मुलं पाव घेऊन सुटे पैसे न मोजता पळायची. सुभद्राबाईंना ते लग्नाच्या कामांपासून ओळखत होते. पुड्यावरचा एकशे ऐंशी अंशांचा आकडा वाचून ते हसले. त्यांच्या भट्टीला आकडे नव्हते. ते भट्टीच्या तोंडात हात घालायचे आणि मोजायचे. दहापर्यंत मोजून हात मागं घ्यावा लागला तर पावाची आच, विसापर्यंत टिकला तर नानखटाईची. केकला किती, यावर दोघांनी विचार केला आणि पंधरा ठरवलं.

समारंभ आठ एप्रिलला, सकाळी अकरा वाजता. आदल्या दिवशी दुपारी, संध्याकाळचा पाव निघाला की भट्टी उतरणीला लागते, तेव्हा केक लावायचा असं ठरलं. सुभद्राबाई घरून पुडे, दूध, तेल आणि मोठी रवी घेऊन आल्या. खाजामियाँनी विचारलं की गोल भांडं देऊ का. त्या नको म्हणाल्या. गोल केक कापला की कुणाच्या वाट्याला टोक येतं आणि कुणाच्या वाट्याला पोट. त्यांना चौकोनी ट्रे हवा होता, उंच काठांचा, म्हणजे सगळ्यांना एकसारखा तुकडा मिळेल. खाजामियाँनी माळ्यावरून एक जुना लांबरुंद ट्रे काढला, राखेनं घासून दिला, आणि आत तेल लावलेला कागद अंथरला.

सहाही पुड्यांचं मिश्रण पातेल्यात ओतून सुभद्राबाईंनी रवी फिरवायला सुरुवात केली. भज्याच्या पिठासारखं दाट, पण चमकदार आणि वासाला गोड असं ते झालं. ट्रेमध्ये ओतलं तर बोटाच्या दोन पेरांएवढं भरलं. खाजामियाँनी हात घातला, पंधरा मोजले, आणि लांब दांड्याच्या फळीनं ट्रे आत सारला.

पाऊण तासानं वास सुटला. बाजारातली दोन माणसं काय भाजायलाव म्हणून विचारून गेली. खाजामियाँनी ट्रे तोंडाशी ओढला. वरून छान बदामी रंग आला होता. खराट्याची स्वच्छ काडी मधोमध खुपसून बाहेर काढली, तिला थोडा ओलावा होता. ते म्हणाले, झाला, आता काढू, बाहेरच्या वाफेवर उरलेला होईल.

इथं सुभद्राबाईंचं आणि त्यांचं जमलं नाही. शाळेच्या स्वयंपाकीणबाईला एका गोष्टीची भीती कायम असते, की आपल्या हातचं खाऊन एखाद्या लेकराच्या पोटात दुखू नये. कच्चं पीठ पोटात गेलं तर? त्यांनी दहा मिनिटं अजून ठेवायला लावला. दहा मिनिटांनी काडी पुन्हा घातली, ती कोरडी निघाली, तरी त्यांचं मन भरेना. अजून दहा मिनिटं, म्हणाल्या. खाजामियाँनी ट्रे पुन्हा आत सारला. गिऱ्हाइकाचा माल, गिऱ्हाइकाचा हट्ट.

ट्रे बाहेर आला तेव्हा केक दिसायला देखणा होता. पण सुभद्राबाईंनी बोटानं वाजवला तर टकटक असा आवाज आला. कोपऱ्याचा तुकडा मोडला, तो भुसभुशीत झाला आणि हातावर भुगा उरला. तोंडात घातला तर जीभ कोरडी पडली. सहाही पुडे संपले होते. उद्या अकराला सव्वीस मुलं, शिवाय निरोप देणारा सहावीचा वर्ग आणि शिक्षक. सुभद्राबाई पिठाच्या पोत्यावर बसल्या. त्यांना आपलाच राग आला होता. इतकी वर्षं भाताची शितं दाबून बघण्यात गेली, आणि सांगणाऱ्याचं ऐकायचं तेवढं राहून गेलं.

खाजामियाँनीही एक तुकडा तोंडात टाकला. बराच वेळ चावला. वर पाणी प्यायले. मग म्हणाले, "जल्या नै भाबी, बस सूक्या है. डबल के मीठे का पाव कैसा रहता? इससे बी सूखा. उसको दूध पिलाते ना? इसको बी पिलाओ."

सुभद्राबाईंनी मान वर केली. डबल का मीठा त्यांनी लग्नांत कितीदा पाहिला होता. पावाचे काप तुपात कडक तळायचे, इतके कडक की भिंतीवर मारले तर आवाज यावा, आणि मग आटवलेल्या गोड दुधात सोडायचे. थोड्या वेळानं तोच पाव चमच्यानं कापावा इतका मऊ होतो. जे पावाला चालतं ते केकला का चालू नये? उलट केकला छिद्रं जास्त.

त्या ताडकन उठल्या. गवळ्याकडून तीन लिटर म्हशीचं दूध घेतलं. गुंडेरावांनी आणि शेजारच्या अंकुशरावांनी ट्रे घरी आणला. संध्याकाळभर दूध चुलीवर आटत होतं. तिनाचं दोन झालं तेव्हा साखर घातली, वेलदोडा घातला, जायफळ उगाळून घातलं. साखर थोडी कमीच ठेवली, कारण पीठ आधीच गोड होतं. मग गुंडेरावांचं पोती शिवायचं दाभण त्यांनी उकळत्या पाण्यात टाकून स्वच्छ केलं, आणि केकला भोकं पाडायला बसल्या. एका ओळीत, पेरणी करावी तशी, दोन बोटांवर एक भोक, तळाला टेकेपर्यंत. गुंडेराव बघत होते. म्हणाले की केकचं हे असं असतं असं कुठं ऐकलं नाही. त्या म्हणाल्या, केकनं तरी कुठं ऐकलंय.

एप्रिलची गरमी. दूध आत्ताच ओतलं तर सकाळपर्यंत आंबायची भीती, म्हणून त्यांनी ते पुन्हा एकदा उकळून झाकून ठेवलं आणि पहाटे पाचला ओतायला घेतलं. कोमट दूध, पळीनं, कडेपासून मधल्या बाजूला. पहिल्या पाच-सहा पळ्या कुठं गेल्या ते कळलंच नाही. दूध पृष्ठभागावर क्षणभर चमकायचं आणि भोकांतून खाली नाहीसं व्हायचं, मळ्यातल्या तापल्या वाफ्याला पाणी दिल्यासारखं. त्या थांबायच्या, दोन मिनिटं जाऊ द्यायच्या, पुन्हा ओतायच्या. अर्धा तास हे चाललं. शेवटी शेवटी केक तृप्त झाला, कडेनं थोडं दूध उभं राहिलं, आणि सुभद्राबाईंनी पळी ठेवली. मोठ्या परातीत गार पाणी ओतलं, त्यात चार विटा ठेवल्या, विटांवर ट्रे, वर ओलं फडकं. मुंग्यांचाही बंदोबस्त झाला आणि गारव्याचीही सोय.

दहा वाजता दोघा पुरुषांनी ट्रे उचलला, तर तो कालच्या दुप्पट जड. शाळेपर्यंत ते पावलं मोजत चालले आणि सुभद्राबाई पुढं होऊन रस्त्यातली पोरं बाजूला सारत होत्या.

समारंभात भाषणं झाली. सहावीतल्या एका मुलीनं पाठ केलेलं भाषण मधेच विसरून रडून घेतलं आणि त्याला सगळ्यांत जास्त टाळ्या मिळाल्या. श्रीपतराव गुरुजींनी प्रत्येक मुलाचं नाव घेऊन त्याची एकेक खोड सांगितली. मग सुभद्राबाईंनी फडकं काढलं. वर्गातली लाकडी फूटपट्टी धुऊन आणली होती, ती टेकवून त्यांनी खुणा केल्या. आठ ओळी, प्रत्येक ओळीत सात. छप्पन तुकडे, एकसारखे.

सुरी आत गेली तेव्हाच त्यांना कळलं. काल भुगा पडत होता, आज पातं लोण्यातून जावं तसं गेलं. तुकडा उचलला तर तो जरासा थरथरला आणि त्याच्या अंगातून दुधाचा एक थेंब कागदी ताटलीत पडला. पहिला तुकडा त्यांनी गुरुजींना दिला. गुरुजींनी खाल्ला, ताटली तिरपी करून उरलेलं दूध प्यायले, आणि मिठाची किंवा साखरेची कसलीच तक्रार केली नाही. मुलांची ओळ लागली. मुलं खाण्यात इतकी गुंतली की बाहेर रिक्षावाला कुणाशी भाडं ठरवतोय ते ऐकू येत होतं. शेवटच्या बाकावरच्या एका पोरानं विचारलं, "अक्का, ह्यो केक हाय का खीर?" सगळ्यांची तोंडं भरलेली होती.

ओळीच्या शेवटी श्रीदेवी उभी होती. सात वर्षांत या ओळीत ती पहिल्यांदाच आली होती. तिच्या हातात तिचा स्टीलचा डबा होता, रिकामा, पुसलेला. म्हणाली, "अक्का, ह्यात घालून द्या. मी घरी न्हेते."

सुभद्राबाईंनी डबा हातात घेतला. दोन तुकडे डब्यात ठेवले, ट्रेच्या कोपऱ्यात साचलेलं दूध पळीभर त्यावर ओतलं, आणि झाकण घट्ट लावून दिलं. झाकण लावताना थोडं दूध बाहेर आलं. दारापर्यंत गेल्यावर श्रीदेवीनं अंगठा पुसायच्या निमित्तानं तो चाटला, मग पुन्हा एकदा चाटला. सुभद्राबाईंनी ते पाहिलं आणि ट्रे धुवायला वळल्या.

त्या दिवशी संध्याकाळी गुंडेराव अर्ध्या दिवसाच्या कामावरून येऊन चहा पीत बसले होते, तेवढ्यात दारात काठीचा आवाज झाला. चन्नव्वा उभी होती. पंच्याहत्तरीची, काठीवर भार देऊन, दुसऱ्या हातात तो डबा. तीन गल्ल्या ओलांडून ती आली होती. या घराकडं ती याआधी कधी फिरकली नव्हती. गुंडेराव कप ठेवून उठले. सुभद्राबाई पदर सावरत बाहेर आल्या.

चन्नव्वानं डबा पुढं केला. तो रिकामा नव्हता. आत वाटीभर तुरीची डाळ होती, घरच्या शेतातली, हळदीसारखी पिवळी. कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, ही रीत तिनं इथंही सोडली नव्हती. डबा मात्र तिचाच होता, त्यामुळं डाळ कुणी काढून घ्यायची, हे दोघींना क्षणभर कळेना. मग सुभद्राबाईंनी आतून सूप आणलं, डाळ त्यात ओतून घेतली आणि डबा पुसून परत दिला.

"अंडं घातलंस का ग त्यात?" चन्नव्वानं विचारलं.

हा प्रश्न किती लांबून आला आहे ते सुभद्राबाईंना कळलं. सात वर्षांत त्या घरानं त्यांना विचारलेला हा पहिला प्रश्न होता, आणि तो स्वयंपाकाविषयीचा होता. त्या आत गेल्या, रिकामा पुडा घेऊन आल्या आणि त्यावरचा हिरवा ठिपका दाखवला.

"न्हाई अव्वा. निस्तं दूध, तेल आन् पीठ. अंडं पुण्यातूनच न्हाई आलं."

चन्नव्वानं पुडा डोळ्याजवळ धरला, ठिपक्यावर नखानं खरवडून बघितलं, हसऱ्या बाईचं चित्रही नीट पाहिलं. मग काठी भिंतीला टेकवली आणि ओट्यावर बसली. बसल्यावर तिला बोलायला सुचलं. सांगू लागली, की पोरीनं डबा आणला तेव्हा ती रागावली होती. टाकून दे म्हणणार होती. पण तोंडात दात एक नाही, बिदरहून करून आणलेली कवळी हिरड्यांना टोचते, म्हणून ती डबीत पडलेली असते. दोन वर्षं झाली, दुधात कुस्करलेली भाकरी आणि मऊ भात सोडून तिनं काही खाल्लेलं नाही. पोरगी तर हट्टानं समोरच बसून खायला लागली. वास आला. बोट लावून बघितलं. "लई मऊ ग," ती म्हणाली. "चावायचं कामच न्हाई. आपोआप गेला." एक तुकडा तिनं संपवला आणि दुसऱ्यातला अर्धा नातीच्या ताटलीतून ओढून घेतला, हेही तिनं न लपवता सांगितलं.

आणि मग, ऊन अजून उतरलेलं नव्हतं, चालून घसा कोरडा पडला होता, म्हणून म्हणा किंवा मनाशी ठरवून आली होती म्हणून म्हणा, ती म्हणाली, "पाणी दे ग सुभद्रा."

सुभद्राबाई आत गेल्या. माठातलं पाणी तांब्यात घेतलं. तांब्या माठाच्या काठाला लागून वाजला. बाहेर येऊन त्यांनी तो चन्नव्वाच्या हातात दिला. चन्नव्वानं तोंड लावून, दोन्ही हातांनी धरून, सगळा रिकामा केला, आणि म्हणाली की तुमचं पाणी गार आहे, माठ कुठून आणलास.

सगळं त्या एका तांब्यानं बदललं असं नाही. चन्नव्वाच्या सणावाराचे नियम तिचे तिचे होते, आणि तिच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पुढंही एखाददुसरा अवघडलेला क्षण यायचा. पण जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा श्रीदेवीचा धाकटा भाऊ पहिलीत आला. तो पहिल्याच दिवशी ताट घेऊन पंगतीत बसला आणि शुक्रवारी गोड भात तीनदा मागितला. मूठभर तांदूळ आता खरोखरीच लागत होता.

त्या पावसाळ्यात चन्नव्वाच्या नातसुनेला मुलगी झाली. बारशाला केक पाहिजे म्हणून चन्नव्वा स्वतः सांगायला आली, आणि हेही म्हणाली की तो तुझ्या घरी करून आणू नको, आमच्या अंगणात कर, म्हणजे कसा करतात ते मला बघता येईल. प्रियंकानं पुण्याहून आठ पुडे पाठवले. भाजायचं भट्टीवरच, पण दूध अंगणात पाजायचं, असं ठरलं. या वेळी सुभद्राबाईंनी खाजामियाँच्या पहिल्या शब्दाला ट्रे बाहेर काढला. केक मऊच निघाला, पण तरी त्यांनी त्याला भोकं पाडून दूध पाजलंच. लोकांना आता तोच केक हवा होता. चन्नव्वा अंगणात खुर्ची टाकून बसली आणि पळी कधी थांबवायची ते सांगत राहिली, जणू शोध तिचाच.

गल्लीतल्या सगळ्या दात नसलेल्या माणसांपर्यंत बातमी चन्नव्वानंच पोचवली. निवृत्त तलाठी, गुरुपादय्या सोनार, दोन म्हाताऱ्या नणंदा, सगळ्यांचे वाढदिवस अचानक निघू लागले. ज्यांना आपली जन्मतारीख ठाऊक नव्हती त्यांनीही एखादी सोयीची निवडली. खाजामियाँनी तो जुना ट्रे सुभद्राबाईंना देऊन टाकला आणि नव्या पाटीवर नानखटाईच्या खाली 'दूध केक' असं तीन भाषांत लिहून घेतलं. हुमनाबादच्या दुकानांतही पुढं ते पुडे मिळू लागले. सुभद्राबाई शाळेची नोकरी सोडतील असं काही जणांना वाटलं होतं. त्यांनी सोडली नाही. केक हा सुट्टीच्या दिवसाचा धंदा, म्हणायच्या, रोज भूक लागते ती भाताची.

दोन हजार बारामध्ये प्रियंकाचं लग्न ठरलं. मुलगा रत्नपाल, गुलबर्ग्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला. लग्न विहारात साधेपणानं झालं आणि जेवण शाळेच्या पटांगणात. पुरी, भाजी, वरण, भात, आणि शेवटी चार ट्रे केक. रत्नपालची आई चांगुणाबाई, शहरात राहिलेली, स्वयंपाकाची जाणकार बाई, तिनं एक तुकडा खाल्ला, दुसरा मागून घेतला आणि मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या विहीणबाईंना कृती विचारली. सुभद्राबाईंनी सांगितली. पुडा फोडायचा, घोटायचा, भाजायचा, दाभणानं भोकं पाडायची, आटवलेलं दूध जिरेल तेवढं पाजायचं, गार करायचा.

चांगुणाबाई अजून पुढं काही येईल म्हणून थांबल्या होत्या. "एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच," सुभद्राबाई म्हणाल्या, आणि पदर खोचून घाईनं पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. वाढणारी माणसं अजून जेवली नव्हती, त्यांची पंगत बसवायची होती.